बेडक्यातले स्फटिक आणि उंदरांची साक्ष

ज्यांना फराळाचं ताट समोर घेऊन दिवाळी अंक वाचायची सवय आहे, त्यांनी हा लेख हात धुतल्यावर वाचावा. विषय बेडक्याचा आहे, मध्ये थोडा शौचाचाही येणार आहे. मी पॅथॉलॉजिस्ट. माझं आयुष्यच या गोष्टी काचेवर पसरून बघण्यात गेलं, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटत नाही. घरच्यांना वाटतं, आणि "आता जेवताना नको हं" हे मी रोज ऐकतो. संपादकांनी मात्र "हवं तेवढं लिहा" असं सांगितलं, तेव्हा वर्षानुवर्षं साठलेलं आज सगळं बाहेर काढतोय.

जुन्या दम्याच्या पेशंटचा सकाळचा पहिला बेडका घ्यायचा. तो घट्ट, चिवट, पिवळसर असतो. त्यातला एखादा दाट कण काडीने उचलून स्लाइडवर ठेवायचा, सलाइनचा एक थेंब टाकायचा, वर कव्हरस्लिप ठेवून अंगठ्याने हलकेच दाबायची. आधी दहाच्या भिंगाखाली जागा हेरायची, मग चाळीसचं भिंग फिरवायचं आणि कंडेन्सर खाली उतरवून उजेड कमी करायचा. नवशिके नेमकं हे शेवटचं विसरतात. जे शोधायचंय ते जवळजवळ बिनरंगी असतं, भगभगीत उजेडात ते हाती लागत नाही. उजेड मंदावला की पेशींच्या चुऱ्यामधून एकदम सरळ रेषा उमटायला लागतात. दोन्ही टोकांना अणकुचीदार, मध्ये जाडसर, हुबेहूब होकायंत्राची सुई. तांबडी पेशी साधारण सात मायक्रोमीटरची. या सुया वीस ते चाळीस मायक्रोमीटर लांब, काही त्याहून बारक्या. पेन्सिलीच्या टोकाने कव्हरस्लिपवर टकटक केलं की त्या जागच्या जागी गडगडतात आणि त्यांच्या कडा चमकून जातात. तेव्हा कळतं की ही नुसती सुई नाही. सहा बाजूंचे दोन निमुळते मनोरे तळाला तळ लावून चिकटवलेत. जास्त दाबलं तर त्या कचकन आडव्या तुटतात.

हे शार्को-लायडन स्फटिक. मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला प्रत्येकाने हे नाव घोकलेलं असतं. शौचात आव-रक्त आहे आणि हे स्फटिक दिसतायत, तर अमीबाची हगवण समजा. दिसत नसतील तर जिवाणूंची शक्यता धरा. परीक्षेत एवढं लिहिलं की दोन मार्क. दम्याच्या प्रकरणात पुन्हा एकदा नाव यायचं, बेडक्यातच दिसणाऱ्या कुर्शमानच्या पिळांच्या शेजारी, आणि धडा पुढे सरकायचा. आमच्या एका सरांना मी विचारलं होतं, "सर, पण हे तिथे करतात काय?" सर मायक्रोस्कोपवरून मान न उचलता म्हणाले, "करणार काय? मेलेल्या पेशींचा कचरा आहे तो. दिसला की लिहायचं आणि पुढची स्लाइड घ्यायची." सर नावाजलेले होते आणि त्या काळच्या कुठल्याही पुस्तकात याहून वेगळं उत्तर नव्हतं. तरी इतक्या रेखीव गोष्टीला कचरा म्हणायला माझं मन काही तयार होईना. कचऱ्याला सहा बाजू कशा असतील?

नावातला पहिला गडी फ्रेंच. झाँ-मार्तँ शार्को पुढे पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात मज्जाविकारांचा सम्राट झाला, फ्रॉइड त्याच्याकडे शिकायला गेला, ते सगळं नंतरचं. 1853 साली तो तरुण डॉक्टर होता आणि शार्ल रोबँ नावाच्या सहकाऱ्याबरोबर रक्ताच्या कर्करोगाने दगावलेल्या एका पेशंटचं शवविच्छेदन करत होता. प्लीहेत आणि रक्तात त्यांना हे स्फटिक दिसले. त्यांनी वर्णन छापलं. दुसरा गडी जर्मन, एर्न्स्ट फॉन लायडन. हा बडा वैद्य. पुढे 1894 मध्ये रशियाचा झार तिसरा अलेक्झांडर मरणपंथाला लागला तेव्हा उशाशी ज्या डॉक्टरांना बोलावलं त्यात हा होता. लायडनने 1872 मध्ये दम्याच्या पेशंटांच्या बेडक्यात तेच स्फटिक पाहिले आणि शार्कोपेक्षा एक पाऊल पुढे टाकलं. त्याचं म्हणणं असं, की या सुयांची टोकं श्वासनलिकांच्या अस्तरातल्या मज्जातंतूंच्या अग्रांना टोचतात, त्यामुळे नलिका आकसतात आणि दम्याचा झटका येतो. म्हणजे स्फटिक ही दम्याची खूण नसून दम्याचं कारण आहे.

बिचाऱ्याची पुढच्या पिढीने थट्टाच केली म्हणायची. दमा नसलेल्यांतही स्फटिक सापडतात, दमा असलेल्या सगळ्यांत सापडत नाहीत, मग कारण कसलं? आक्षेप खरे होते. लायडनचं नाव स्फटिकांना चिकटून राहिलं, त्याची कल्पना मात्र अडगळीत गेली. मला या माणसाबद्दल पहिल्यापासून ममता आहे. त्याने निदान प्रश्न तरी बरोबर विचारला होता.

स्फटिक येतात कुठून, हे कळायला आधी एक रंग लागला. 1874 मध्ये हाइनरिश कारो या रसायनज्ञाने इओसिन नावाचा गुलाबी-तांबडा रंग तयार केला. पाच वर्षांनी, 1879 मध्ये, पाउल एर्लिकने तो रक्ताच्या पेशींवर चढवून पाहिला. काही पांढऱ्या पेशींच्या पोटातले कण त्या रंगाने लालभडक झाले. त्या इओसिनोफिल. पुढे बघणाऱ्यांच्या लक्षात आलं की जिथे स्फटिक तिथे इओसिनोफिलांची गर्दी असतेच: दमा, जंत, अमीबा, नाकातले मोड.

आपल्याकडे इओसिनोफिल घराघरांत माहीत आहेत. "ह्याला इओसिनोफिलिया झालाय" हे वाक्य ज्यांच्या घरात कधीच बोललं गेलं नाही असं कुटुंब मला दाखवा. एका मायक्रोलिटरमध्ये पाचशेपर्यंत चालतात. रिपोर्टात सहाशे आले की माणूस घाबरून फोन करतो. याला एक इतिहास आहे आणि तो इथलाच आहे. 1940 मध्ये आंध्रातल्या मदनपल्लीजवळच्या क्षयरोग सॅनेटोरियममधल्या फ्रिमॉट-मोलर आणि बार्टन या डॉक्टरांनी लिहिलं, की आमच्याकडे क्षय म्हणून भरती झालेल्या काही लोकांना क्षय नाहीच. रात्रीचा खोकला, छातीत घरघर, आणि रक्तात इओसिनोफिलांचा पूर. 1943 मध्ये वाइनगार्टनने याला 'ट्रॉपिकल इओसिनोफिलिया' म्हटलं आणि आर्सेनिकच्या इंजेक्शनांनी ती माणसं बरी होताना पाहिली. पुढे कळलं की मूळ फायलेरियाच्या जंतांत आहे. रक्तातली त्यांची पिल्लं फुप्फुसात अडकतात आणि शरीर त्यांच्यावर ॲलर्जीसारखं तुटून पडतं. विदर्भातल्या, विशेषतः हत्तीरोगाच्या पट्ट्यातल्या वाचकांना हेट्राझानच्या गोळ्या आठवत असतील. त्या याच जंतांवरच्या. पुढे मात्र कुणीही खोकला की हेट्राझान, असा सपाटा लागला. त्यावर एक वेगळा लेख होईल.

आता स्फटिकाच्या आतलं. 1950 च्या सुमाराला हे नक्की व्हायला लागलं की हे स्फटिक इओसिनोफिलांच्याच मालातून होतात. 1976 मध्ये अमेरिकेत जेराल्ड ग्लाइश आणि सहकाऱ्यांनी ते स्वच्छ करून विरघळवले, तर आत एकच प्रथिन निघालं. मीठ नाही, चुना नाही, युरिक ॲसिड नाही, निव्वळ प्रथिन. बाहेरच्या माणसाला यात नवल वाटणार नाही, पण प्रयोगशाळेत प्रथिनाचे स्फटिक करायला बसलेल्या कुणालाही विचारा. शेकडो छोट्या खळग्यांमध्ये वेगवेगळे क्षार, वेगवेगळी आम्लता, वेगवेगळं तापमान; महिनोन्महिने वाट पाहायची आणि शेवटी तळाशी चिकट गाळ. 1926 मध्ये कॉर्नेलच्या जेम्स समनरने अबईच्या जातीच्या बियांमधून युरिएझ या एन्झाइमचे स्फटिक काढले, त्याला 1946 मध्ये नोबेल मिळालं. आणि इथे दमेकऱ्याच्या बेडक्यात, कुणीही काही न करता, शुद्ध प्रथिनाचे घोटीव स्फटिक पडलेले! बरं, हे प्रथिन थोडंथोडकं नाही. इओसिनोफिलमधल्या एकूण प्रथिनाच्या जवळजवळ दहा टक्क्यांपर्यंत त्याचाच वाटा असतो. एवढा माल कुठलीही पेशी उगाच साठवत नाही.

बरीच वर्षं ते एक चरबी तोडणारं एन्झाइम समजलं जात होतं. 1993 मध्ये त्याचा जीन वाचला गेला आणि 1995 मध्ये त्याची घडण अणूअणूने दिसली, तेव्हा ते भलत्याच घराण्यातलं निघालं: साखरेच्या साखळ्यांना चिकटणाऱ्या गॅलेक्टिन प्रथिनांच्या. तेव्हापासून त्याचं नाव गॅलेक्टिन-10. लांबी 142 अमिनो आम्लं, म्हणजे चणीने लहानखुरंच. हे प्रथिन पेशीच्या कणांमध्ये नसतं, पेशीच्या रसात विरघळलेलं असतं. 2018 मध्ये जपानमधल्या अकिता विद्यापीठाच्या शिगेहारू उएकी यांनी ते स्फटिक कधी होतं ते दाखवलं. इओसिनोफिल जेव्हा साधेपणाने मरत नाही, फुटून मरतो, आपल्या केंद्रकातला डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतो, तेव्हा रसातलं गॅलेक्टिन-10 गोळा होऊन स्फटिक होतं. दम्याचा बेडका इतका चिवट का, याचं निम्मं उत्तरही त्या जाळ्यात आहे.

इथवर स्फटिकाचा जन्म कळला, गुन्हा नाही. गुन्हा सिद्ध करायला प्राणी लागतात, म्हणून दम्याची आणि उंदरांची जुजबी माहिती उरकून घेतो. ॲलर्जीच्या दम्यात श्वासनलिकेच्या अस्तराला सूज येते, शेंबड्या पेशी वाढतात, नलिका जराशा चिथावणीने आकसतात. यामागे टी-पेशींचा एक गट असतो. तो इंटरल्युकिन-4, 5 आणि 13 हे निरोपे सोडतो. चार आयजीई ही ॲलर्जीची प्रतिपिंडं वाढवतो, पाच इओसिनोफिल बोलावतो, तेरा शेंबूड आणि आकसणं बघतो. उंदराला आपणहून दमा होत नाही, तो लावावा लागतो. तरी दम्याच्या या साखळीतलं बरंच उंदरांवरूनच कळलं. इंटरल्युकिन-5 अडवणारं मेपोलिझुमॅब 2015 मध्ये बाजारात आलं, ते त्याच वाटेने. बाकी तपशील कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळेल.

उंदराला दमा 'लावण्या'ची कृती मात्र मला थांबून सांगायची आहे, कारण सगळी गंमत तिच्यात आहे. मी पुण्यातल्या एका संस्थेचं प्राणीघर बघायला गेलो होतो. माझा एक वर्गमित्र तिथे काम करतो. दोन दरवाजे, मध्ये कपडे बदलायची खोली, चपलांवर आवरणं, डोक्यावर टोपी. आत शेल्फांवर पारदर्शक पेट्या, प्रत्येक पेटीला स्वतंत्र हवेची नळी, आणि कितीही हवा खेळवली तरी न हटणारा तो उंदरांचा उग्र वास. मित्राने कृती सांगितली. अंड्याच्या पांढऱ्यातलं ओव्हाल्ब्युमिन नावाचं प्रथिन घ्यायचं. ते उंदराला नुसतं हुंगवलं तर काही होत नाही; उलट शरीर त्याला 'हे आपल्यातलंच' म्हणून माफ करून टाकतं. म्हणून आधी ते ॲल्युमिनियमच्या क्षारात मिसळून पोटात टोचायचं, काही दिवसांनी पुन्हा टोचायचं, आणि मग त्याचा वाफारा द्यायचा. आता उंदराचं फुप्फुस इओसिनोफिलांनी भरतं. शेवटी श्वासनलिकेत बारीक नळी घालून फुप्फुस सलाइनने धुवायचं आणि त्या धुवणात कुठल्या पेशी किती, ते मोजायचं.

"म्हणजे ॲल्युमिनियम नसेल तर दमा नाही?" मी विचारलं.

"नाही. तो मसाला पडल्याशिवाय शरीर लक्षच देत नाही," मित्र म्हणाला. "लसीतही तोच असतो की."

खरं आहे. 1926 मध्येच, समनरच्या स्फटिकांच्या वर्षी, लंडनमध्ये अलेक्झांडर ग्लेनी यांनी घटसर्पाच्या लसीत तुरटी घातली आणि लसीचा जोर वाढला. आपल्या बाळांना दिल्या जाणाऱ्या ट्रिपलच्या इंजेक्शनात आजही ॲल्युमिनियमचा क्षार असतो. प्रतिकारयंत्रणेला नुसता परका पदार्थ पुरत नाही, सोबत 'धोका आहे' अशी ओरड लागते. आणि काही घन, न विरघळणारे कण ती ओरड फार चांगली करतात. गाउटमध्ये सांध्यातले युरिक ॲसिडचे स्फटिक हेच करतात. दगडखाणीतल्या कामगाराच्या फुप्फुसातली सिलिकाची धूळही हेच करते. पांढरी पेशी तो कण गिळायला जाते, गिळता येत नाही, आणि आकांत होतो.

मग साहजिकच प्रश्न पडतो: बाहेरचा क्षार टोचून जे साधतं, तेच दमेकऱ्याच्या छातीत त्याचे स्वतःचेच स्फटिक करत नसतील कशावरून?

हा प्रश्न बेल्जियममधल्या घेंट शहरात बार्ट लाम्ब्रेख्त यांना पडला. हा माणूस छातीचा डॉक्टर आणि प्रतिकारशास्त्रज्ञ, दोन्ही. स्फटिकांचा नाद त्याला जुना. तुरटीवर आणि युरिक ॲसिडवर त्याच्या गटाने आधी काम केलेलं होतं. जोडीला साव्हास साव्हिदेस हे प्रथिनांची घडण वाचणारे. अडचण एकच होती, आणि तिच्यापायीच इतकी वर्षं कुणी हात घातला नव्हता: उंदरात गॅलेक्टिन-10 नाही. जीनच नाही. जो प्राणी सगळं जग दम्यासाठी वापरतं, त्याच्याकडे हे प्रथिन नाही, म्हणजे त्याच्या दम्यात शार्को-लायडन स्फटिक कधी दिसणार नाहीत. आणि जे उंदरात दिसत नाही त्याचा अभ्यास करायला पैसे मिळत नाहीत. मला विचाराल तर आमच्या सरांचा 'कचरा' हा निकाल एवढी वर्षं टिकला तो यामुळे. उंदराने जबाब दिला नाही म्हणून आरोपी सुटला.

घेंटच्या मंडळींनी हीच अडचण उलटी वापरली. ज्याच्या शरीरात हे प्रथिन मुळात नाही, त्याच्याइतका निःपक्ष साक्षीदार कोण? त्यांनी आधी नाकाच्या जुनाट सुजेच्या पेशंटांच्या घट्ट शेंबडातून खरे स्फटिक वेचले आणि क्ष-किरणांनी त्यांची घडण वाचली. माणसाच्या शरीरातून थेट काढलेल्या शार्को-लायडन स्फटिकाची ही पहिली अशी घडण. मग तेच प्रथिन प्रयोगशाळेत तयार करून त्याचे स्फटिक केले, आणि दोन्ही हुबेहूब एक आहेत याची खात्री केली. आणि मग ते उंदरांच्या श्वासनलिकेत सोडले.

आता इथे एक शंका कुणीही हुशार विद्यार्थी काढेल. परकं मानवी प्रथिन उंदराच्या फुप्फुसात गेलं, सूज येणारच. त्यात स्फटिकाचा काय संबंध? त्याचं उत्तर या सगळ्या कामातला माझा सर्वांत लाडका भाग आहे. स्फटिकात प्रथिनाचा एक रेणू दुसऱ्याला जिथे टेकतो, तिथे 69 व्या जागेवर टायरोसिन हे अमिनो आम्ल आहे. त्यांनी तेवढं एक बदलून तिथे ग्लुटामेट बसवलं. 142 पैकी एक. प्रथिन तेच राहिलं, पण स्फटिक होईना. कितीही दाट केलं तरी पाण्यात विरघळलेलंच. हे विरघळलेलं प्रथिन उंदराला दिलं आणि फुप्फुसाने ढिम्म दाद दिली नाही. स्फटिक दिले तर पांढऱ्या पेशींची फौज धावली. माल तोच, फक्त रूप वेगळं. असा स्वच्छ प्रयोग वाचायला मिळाला की दिवस बरा जातो.

पुढची पायरी ओव्हाल्ब्युमिनची. ते निरुपद्रवी प्रथिन, जे नुसतं हुंगवलं तर उंदीर माफ करतो, ते या वेळी स्फटिकांबरोबर दिलं. ॲल्युमिनियम नाही, पोटातलं इंजेक्शन नाही. आणि उंदरांना ॲलर्जी झाली. माझ्या मित्राचा 'मसाला' दमेकऱ्याचं शरीर स्वतःच बनवत होतं! म्हणजे साखळी अशी: ॲलर्जीने इओसिनोफिल येतात, फुटून मरतात, स्फटिक मागे ठेवतात, ते स्फटिक प्रतिकारयंत्रणेला पुन्हा ओरडून सांगतात, त्या वेळी हवेतून आत आलेली परागकणांची किंवा धुळीची जी काही प्रथिनं असतील त्यांच्याविरुद्ध ती आणखी पेटते, आणखी इओसिनोफिल येतात. धुळीची ॲलर्जी असलेल्या माणसाला काही वर्षांनी आणखी चार गोष्टींची ॲलर्जी का होते, याचा एक धागा इथे असू शकेल असं मला वाटतं. हे माझं मत, घेंटच्या लोकांचं नव्हे.

एक मतभेदही नोंदवतो. स्फटिक गिळलेली पेशी एनएलआरपी-3 नावाची धोक्याची यंत्रणा चालू करते, गाउटमध्ये करते तशी, असं 2019 मध्येच दुसऱ्या एका गटाने दाखवलं. घेंटच्या उंदरांत मात्र ती यंत्रणा काढून टाकली तरी ॲलर्जी व्हायची ती झालीच. म्हणजे गाउटचा साचा पुरा बसत नाही, आणि लायडनची मज्जातंतू टोचण्याची कल्पनाही जशीच्या तशी उभी राहत नाही. पण 'स्फटिक स्वतः काहीतरी करतात' हे त्याचं मूळ म्हणणं जवळपास दीडशे वर्षांनी शाबूत निघालं. मे 2019 मध्ये 'सायन्स'मध्ये हा निबंध आला तेव्हा मी तो छापून लॅबच्या भिंतीवर लावला. आमच्या टेक्निशियन ताईंनी विचारलं, "सर, हे कुणाचं सर्टिफिकेट?" म्हटलं, लायडनचं.

निबंधाचा उत्तरार्ध औषधाचा. अर्जेन्क्स ही बेल्जियन कंपनी लामा या उंटकुळातल्या प्राण्याच्या प्रतिकारयंत्रणेतून प्रतिपिंडं काढण्यासाठी ओळखली जाते. तिच्याबरोबर मिळून त्यांनी अशी प्रतिपिंडं निवडली जी नेमकी रेणूंच्या त्या टेकण्याच्या जागेवर जाऊन बसतात. अपेक्षा अशी की नवे स्फटिक होणार नाहीत. झालं अपेक्षेपेक्षा जास्त: आधीच झालेले स्फटिकही विरघळायला लागले. पेशंटच्या शेंबडातले स्फटिक काही तासांत नाहीसे झाले. प्रथिन वितळवायला आम्ही आम्लं, अल्कली वापरतो. इथे एका प्रतिपिंडाने रेणू एकेक करून सोडवले. मग मानवी प्रतिकारपेशी बसवलेल्या खास उंदरांना घरच्या धुळीतल्या माइटची ॲलर्जी लावून त्यात स्फटिक घातले, आणि वर प्रतिपिंड दिलं. सूज उतरली, शेंबड्या पेशी कमी झाल्या, आयजीई घटलं, नलिकांचं आकसणंही कमी झालं.

हे ऐकून आमच्या गावातल्या एका छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, मग पेशंटला कधी देता येईल? पेशंटसाठीचं औषध म्हणून ते अजून आलेलं नाही, आणि उंदरात चाललेली असंख्य औषधं माणसात आपटलेली आहेत, हे विसरून चालणार नाही. पण त्याची गरज कुठे आहे, ते मला रोज दिसतं. आजची महागडी इंजेक्शनं नवे इओसिनोफिल येऊ देत नाहीत. पण मरून गेलेल्यांनी मागे ठेवलेल्या स्फटिकांचं काय? बुरशीच्या ॲलर्जीत सायनसमधून शस्त्रक्रियेने काढलेला माल आमच्याकडे तपासायला येतो. इओसिनच्या रंगात गुलाबी थरांवर थर, मेलेल्या पेशींचे पट्टे, आणि त्यात हे स्फटिक दाटीवाटीने रुतलेले. तीव्र दम्यात श्वासनलिकेत शेंबडाची बुचं बसतात आणि काही पेशंटांत सीटी स्कॅनवर ती वर्षानुवर्षं त्याच जागी दिसतात, असं 2018 च्या एका अभ्यासात आलं. अशा पेशंटांत इओसिनोफिलही जास्त होते. ही बुचं आतून सोडवणारं काही हवंय.

आता उंदराबद्दल एक गोष्ट राहिली. त्याच्याकडे गॅलेक्टिन-10 नाही म्हटलं, पण स्फटिक नाहीत असं मी म्हटलं नाही. काही जातींच्या उंदरांत, विशेषतः प्रयोगशाळेतल्या काळ्या उंदरांत, वय झालं की किंवा प्रतिकारयंत्रणा बिघडली की फुप्फुसात लाल रंग घेणारे लांबट स्फटिक होतात. 2000 मध्ये ते वेचून तपासले तेव्हा आत निघालं वायएम-1 नावाचं प्रथिन. त्याचा गॅलेक्टिनांशी काडीचा संबंध नाही. ते कायटिनेझांच्या, म्हणजे किड्यांची कवचं तोडणाऱ्या एन्झाइमांच्या घराण्यातलं, पण तोडण्याची शक्ती गमावलेलं. ॲलर्जी झालेल्या उंदराच्या फुप्फुसात ते भरमसाट बनतं. घेंटच्या गटाने मग याच्यावरही तोच खेळ केला: विरघळलेलं वायएम-1 एका उंदराला, स्फटिकरूप दुसऱ्याला. पुन्हा तोच निकाल. विरघळलेलं गप्प, स्फटिक ॲलर्जीला चिथावणारं. दोन प्राणी, दोन वेगळी घराणी, दोन वेगळी प्रथिनं, आणि दोघांनीही छातीत सुया बनवण्याचीच वाट धरली. गॅलेक्टिन-10 वरचं प्रतिपिंड अर्थातच उंदराच्या या सुयांवर चालणार नाही; त्यांची टेकण्याची जागाच वेगळी.

हे वाचल्यावर मी पुण्याच्या त्या मित्राला फोन केला. म्हटलं, तुझ्या काळ्या उंदरांच्या स्लाइड्समध्ये लाल स्फटिक दिसतात का रे? म्हणाला, "दिसतात की. म्हाताऱ्या उंदरांत तर हमखास. ती त्या जातीची खोड आहे म्हणून आम्ही मोजत नाही." मी त्याला पाऊण तास सोडला नाही. पुढच्या बॅचपासून मोजतो म्हणालाय, पण त्यासाठी रिपोर्टच्या फॉर्मात नवा रकाना घालायला लागेल आणि तो मंजूर करून आणायचं काम माझ्यावर ढकलून मोकळा झालाय.